सासऱ्यांची पाचर

जोर लावणारा माणूस मुळात आळशी असतो, असं मानणारे माझे सासरे हे डोंबिवलीतलेच काय, उभ्या ठाणे जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत. "हाताला राबवतो, कारण डोक्याला उठवायचा कंटाळा," असं ते म्हणत आणि म्हणताना हमखास माझ्याकडे बघत. ते आंबिवलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. मी इंजिनिअर. माझी पदवी आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावली होती. तिचा खिळा मात्र त्यांनी ठोकलेला, कारण मी ठोकलेला खिळा पदवीसकट खाली आला होता.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, पाचर असे. सागवानी, दोन बोटं रुंद, हाताळून तुळतुळीत झालेली. हॉटेलातलं टेबल डुगडुगलं की चहाच्या आधी पाचर त्याच्या पायाखाली जाई. आमच्या लग्नात मी अंतरपाटाआड उभा होतो आणि माझा पाट डुगडुगत होता. ऐन मंगलाष्टकांत मुलीचा बाप माझ्या पायाशी ओणवा झालेला बघून माझी आत्या कानात कुजबुजली, "पाय धुवायचा विधी मघाशीच झाला ना रे?" त्यांच्या गच्चीवर काळ्या पाइपचं भलंमोठं वेटोळं पडलेलं असे, त्यातलं पाणी उन्हाने तापे आणि घरभर आंघोळीला पुरे. "सूर्याला सुट्टी नसते, जावईबापू," असं त्यांनी सांगितलं होतं. भर दुपारी त्यात विसण घालायचं असतं हेही सांगितलं होतं, पण मी नवा जावई, मला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवाळसणाचे उरलेले तीन दिवस मी पालथा झोपून फराळ केला.

पुढे त्यांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. सामान बांधून झालं आणि गॅलरीत उरलं सासूबाईंचं दगडी जातं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्या होत्या तोवर इमारतीतल्या प्रत्येक नवरीची पहिली हळद ह्याच जात्यावर दळली गेली. आता माझ्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलेलं.

"काका, सोडा ना हे इथंच," सामान न्यायला आलेला माणूस म्हणाला. "कोण दळतंय आता?"

"माझी नात."

"मग खांद्यावर मारतो."

"तिसऱ्या मजल्यावरून? दगडाला एकदा भेग गेली की संपलं."

सासऱ्यांनी जिन्यावर फळ्या टाकून उतार केला. जुन्या बेअरिंगांवर फळी ठोकून गाडा बनवला, त्यावर गोधडीत गुंडाळलेलं जातं बसवलं आणि गाड्याला बांधलेला दोर माझ्या हातात दिला. "जिन्याच्या खांबाला तीन वेढे द्या आणि हळूहळू सोडा. वजन खांब धरतो. आपण फक्त त्याला आठवण करून द्यायची."

मी एकच वेढा दिला. सामानवाली दोन धडधाकट पोरं बघत होती आणि तीन वेढे म्हणजे अगदीच म्हाताऱ्या माणसाचं काम वाटलं. दोन पायऱ्या गाडा शहाण्यासारखा उतरला. मग दोर माझ्या तळहातांची सालं काढत सुटला. डोळे मिटून मी आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज झाला तो एवढाच: टक्. गाड्याच्या बाजूने उतरणाऱ्या सासऱ्यांनी खाली वाकून चाकाखाली पाचर सारली होती.

"वेढे किती?"

"एक."

"पदवी कुठली म्हणालात?"

मग ते तिथेच पायरीवर बसले आणि जात्यावर हात ठेवून बराच वेळ उठले नाहीत. उठताना त्यांना दोन्ही हातांनी कठडा धरावा लागला. त्यांच्या हाताला राबवण्याइतका जोर केव्हाचाच उरला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

जातं आमच्या घोडबंदर रोडच्या सतराव्या मजल्यावर आलं. लिफ्टमध्ये ते म्हणाले, "हिला पलीकडे वजन बांधलेलं असतं. ते खाली उतरतं म्हणून आपण वर जातो." हळदीच्या दिवशी लेकीने जातं फिरवलं आणि घरभर तो ओला-पिवळा वास पसरला. माझ्या दोन्ही हातांना पट्ट्या, त्यामुळे माझ्याकडे कुणी काही काम दिलं नाही. लग्न सुरळीत झालं त्याचं ते एक कारण असावं.

निघताना सासऱ्यांनी खिशातली पाचर काढली आणि जात्याखाली सारली.

"बाबा, फरशी एकदम लेव्हलमध्ये आहे," मी मोबाइल ठेवून दाखवलं. "जातं हलत नाहीये."

"असू दे," ते म्हणाले आणि रिकाम्या खिशाने आपल्या भाड्याच्या घरी गेले.

पुढच्या वर्षी ते गेले. जातं आहे तिथेच आहे. केर काढणाऱ्या मावशी अधूनमधून विचारतात, "दादा, हे लाकूड काढू काय? बिनकामाचंच हाय."

मी म्हणतो, असू दे.