नववं पिंप

धक्क्यावर सगळे त्यांना पिंपमामा म्हणायचे. समुद्रातल्या तेलविहिरींवरचा कचरा बोटीनं आला की मोजायचा, कागदाशी ताडायचा, मगच ट्रकात चढू द्यायचा, हे त्यांचं अठ्ठावीस वर्षांचं काम. तेलकट चिंध्या, गाळ, रंगाचे डबे, कशाला कसला वास ते डोळे मिटून सांगत. मामी म्हणे, "तुम्ही गल्लीच्या तोंडाशी आलात की मी चहा टाकते. नाकाला कळतंच!"

त्या सकाळी बोट लागली. ती रिकामी होऊन दुपारी परत जाणार आणि पहाटे मामांच्या जावयाला घेऊन येणार. जावई विहिरीवर कचरा भरून पाठवायच्या कामाला. लेकीच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्याच, चार महिने थांबून तारीख मिळालेली. तिनं ठणकावून सांगितलं होतं, "बाबा, हे आल्याशिवाय मी आत जायची नाही."

मामांनी पिंपं मोजली. नऊ. कागदावर आठ. उलटीकडून मोजली, तरी नऊच! नवव्यावर चिठ्ठी नाही, काही नाही. आणि कागदाखाली सही जावयाची. घरी यायच्या घाईत गडी एक पिंप लिहायचंच विसरला होता.

कप्तान म्हणाला, "मामा, आठाचा नऊ करा की. पेन नाही का?"

"आत आम्ल असलं आणि ट्रकवाल्याच्या तोंडावर उडालं, तर त्याला पेन दाखवू?"

"मग परत नेतो."

"विहीर परत घेत नाही. आणि कागद जुळेतो तुझी बोट हलत नाही."

"मग मी करू काय?"

"माझ्यासारखा उभा राहा."

जावयाला रेडिओवर विचारलं. पलीकडून रडवेला आवाज आला, "मामा, खरं सांगतो, त्यात काय भरलंय ते मला आठवतच नाही हो."

अरे, गाळ आहे म्हणायचं होतंस! मामांच्या अगदी ओठावर आलं. पण खोटं बोलता येत नाही म्हणूनच तर या पोराला लेक दिली होती.

आता तपासनीस येणार, झाकण उघडणार, मग बोट सुटणार. तपासनीस उद्या दहाला. आणि ज्यानं पिंप अडवलं, त्यानं तोवर तिथून हलायचं नाही, स्वतःच ते तपासनिसाच्या हवाली करायचं, असा नियम.

मामांनी लेकीला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, अडवणारे तुम्हीच ना? मग सोडणारेही तुम्हीच असाल."

"नाही गं. तेवढंच माझ्या हातात नाही."

ती हळूच म्हणाली, "उद्या नऊला आत नेणार आहेत. निदान तुम्ही तरी याल ना?"

कप्तान पिंपाला टेकून उभा होता. मामांनी त्याला हातानंच बाजूला सारलं आणि फोनवर म्हणाले, "आईला घेऊन जा, बाळ."