हाय का लो

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर्किटमधले सिग्नल पडद्यावर दाखवणारा नवा डिजिटल ऑसिलोस्कोप घ्यावा की जुन्यावरच भागवावं, हे ठरवायला मी सांगलीहून साताऱ्याला गेलो. सोबत माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं एका मशीनचं सर्किट कार्ड होतं. ते मशीन चालता चालता मधेच बंद पडायचं, आणि जुन्या स्कोपवर काही दिसायच्या आत बिघाड पसार व्हायचा. गिऱ्हाईक माझ्यावर खवळलेलं.

स्कोप दाखवणारा माणूस चाळिशीचा असेल. त्यानं कार्डाला प्रोब लावला आणि येरझारा घालायला लागला. खिडकी, टेबल, परत खिडकी. लवंग दाताखाली धरायचा आणि चावायचंच विसरायचा. बघून मलाही बसवेना.

"सिग्नल?" मी विचारलं.

"हाय."

तिथं व्होल्टेज लो असायला हवं होतं. हाय म्हणजे कार्डच गेलं! मी घाईघाईनं वायर उपटायला गेलो.

"आवं, आवं!" तो धावला. "सिग्नल हाय, असं म्हनलं मी! व्होल्टेज लोच हाय की!"

आम्ही हसतोय तोवर पडद्यावर एक बारीक टोक उमटलं आणि तिथंच गोठलं. तोच बिघाड.

"सापडला! आता तरी बसा," मी म्हणालो.

"बसवत न्हाई. ह्यो एकलाच हाय का मागनं आनखी येत्यात, कुणाला ठावं?"

मी तोच स्कोप घेतला. सांगलीत तो लावून मी बिघाडाची वाट बघायला लागलो, की बायको विचारायची, "खुर्ची असून फिरताय कशाला?"

त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. येरझारा तेवढ्या स्कोपबरोबर घरी आल्या.