चौदा भोकांची नळी

ज्ञानदेवाचा हुद्दा मशीन ऑपरेटर. पण शिक्रापूरहून एसटी सुटली की न्हावऱ्यापर्यंतच तो ऑपरेटर असे. पुढे मांडवगण फराटा जवळ येऊ लागलं की आपोआप बढती मिळत जाई आणि गावच्या स्टँडवर उतरताना तो इंजिनिअर झालेला असे. हे तो स्वतःच सांगतो. म्हणतो, "कंपनीनं दिली न्हाई, म्हणून मी एसटीकडनं घेतली."

कारखान्यात शेतीच्या ठिबकच्या नळ्या निघत. पलीकडे काचेच्या बंद खोलीत दवाखान्याच्या नळ्या निघत, पण तिथं ज्ञानदेवाला कधी कुणी बोलावलं नाही. त्याचं काम ठिबकच्या नळीला भोकं पाडायचं. सात वर्षं भोकं पाडल्यावर माणसाला वाटू लागतं, की जगातला कुठलाही प्रश्न आणखी एखादं भोक पाडलं की सुटेल.

दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात तसा प्रश्न घरातच आला. त्याचे वडील तात्याबा, घरातले आबा, यांचं पुण्याला घशाचं ऑपरेशन झालं. जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला माणूस. भीमेच्या या काठावरून हाळी दिली की पलीकडची मेंढी मान वर करायची. आता त्यांच्या गळ्याला पुढून भोक होतं, श्वास तिथूनच चाले आणि आवाज कायमचा गेला होता. रागवायचं मात्र गेलं नव्हतं. ते काठी आपटत. एकदा आपटली की "पाणी", दोनदा आपटली की "गाढवा".

गळ्यातल्या भोकात कफ साचे. तो काढायला पायानं दाबायचं ओढमशीन आणलं होतं, कारण लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता. मशीनला नळी, नळीचं टोक गळ्यात. दौंडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आत घालताना ओढ बंद ठेवायची, बाहेर काढतानाच ओढायचं. आणि कफ साचू देऊ नका. गोळा अडकला तर दौंडला आणायलासुद्धा वेळ मिळणार नाही."

मेडिकलमध्ये मिळालेली नळी सरळ कापलेली, एकाच तोंडाची. ज्ञानदेवानं पहिल्याच दिवशी जोशात पाय दाबतच ती आत घातली. टोक आतल्या कातडीला जळवेसारखं चिकटलं. त्यानं हिसका दिला. बरणीत रक्त आलं आणि तात्याबांनी काठी आपटली. दोनदा नाही, सहा वेळा.

त्यानंतर नळी दिसली की ते गळ्यावर पालथा हात धरून बसत. दोन दिवस गेले. श्वास कढईत पिठलं रटरटावं तसा वाजू लागला.

"अहो, काहीतरी करा," ज्ञानदेवाची बायको सुलक्षणा म्हणाली. "आबांची छाती बघा कशी उडतीय."

"करतो. चूक नळीची हाय," ज्ञानदेव म्हणाला.

"व्हय, पाय तर शेजाऱ्याचाच होता."

पण नळीचीही चूक होतीच. एकच तोंड असलेली नळी कातडीला टेकली की सगळी ओढ तिथंच एकवटते. बाजूला भोकं असली तर हवेला वाट मिळते. मग भोकं किती? ज्ञानदेवाच्या हाताला संकोच ठाऊक नव्हता. कारखान्यातून आणलेल्या वाया गेलेल्या बारीक नळीच्या तुकड्याला त्यानं त्याच सकाळी चौदा भोकं पाडली.

चाचणीसाठी तो खाटकाकडे मेंढीचं नरडं मागायला गेला.

"घरात दावणीला मेंढरं, आन् नरडं माझ्याकडनं?" खाटीक म्हणाला.

"संशोधन हाय."

"मंग फुकट घिऊन जा. संशोधनातलं गिऱ्हाईक पुन्हा येत न्हाई."

कफ म्हणून सुलक्षणानं भेंडी ठेचून तिचं तार धरणारं पाणी केलं, ते नरड्यात ओतलं. ज्ञानदेवानं नळी घातली, पाय दाबला. नळीनं लांबलचक सुस्कारा टाकला. भेंडी होती तिथंच.

"जोरात दाबा."

तो घामाघूम होईपर्यंत दाबत राहिला. भेंडी हलेना.

"अहो," सुलक्षणा शांतपणे म्हणाली, "वरची बारा भोकं भेंडीच्या बाहेर हायेत. ती नुसती हवा पितायत. गळक्या बादलीनं आडाचं पाणी काढताय तुम्ही."

ज्ञानदेव सांगतो, की हे त्याच्या मनात आधीच आलं होतं. सुलक्षणा सांगते, की नव्हतं आलं.

मग दोनच भोकं पाडली, टोकाजवळ, एक खाली एक वर, समोरासमोर नाही. टोकाची धार मोडायला नळी तापल्या तव्याला टेकवली. दुपारच्या भाकरीला त्या दिवशी प्लॅस्टिकचा वास होता. कुणी जेवलं नाही. पण नळीनं भेंडी ओढली आणि नरड्याला चिकटलीही नाही. ज्ञानदेवाला गहिवरून आलं. नळीच्या पाकिटावर आपलं नाव कुठल्या कोपऱ्यात छापावं, इथपर्यंत त्याचा विचार गेला.

त्याच दुपारी तो शिक्रापूरला जाऊन सत्यजीत साहेबांपुढे उभा राहिला. साहेब त्या काचेच्या खोलीचे प्रमुख. त्यांनी नळी उलटसुलट पाहिली, हुंगली.

"तव्यावर?"

"व्हय साहेब."

"छान आहे," म्हणत त्यांनी कपाटातून एक सीलबंद पाकीट काढलं. आत गोल टोकाची नळी, बाजूला दोन भोकं, एक खाली एक वर. "तुझ्या आधी कुणीतरी हा शोध लावलाय, ज्ञानदेव. बहुतेक तव्याशिवाय. आणि तू एक भोक विसरलास."

चौदा भोकं पाडणारा माणूस भोक विसरला, हे ऐकून ज्ञानदेवाला खुर्ची धरावी लागली.

साहेबांनी मशीनकडच्या टोकाजवळचं भोक दाखवलं. "यावर अंगठा ठेवला की ओढ सुरू. उचलला की तिथल्या तिथं बंद. ही पाकिटं घेऊन जा. आणि ती भाजलेली नळी वडिलांच्या गळ्यात घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा भिंतीला टेकून बसले होते. ओठ काळसर पडले होते. नवी नळी पाहूनही हात गळ्यावरच.

"आबा, ही चिकटत न्हाई," ज्ञानदेव म्हणाला.

तात्याबांनी नळीकडे बोट केलं, मग मुलाच्या तोंडाकडे.

"आधी तुम्ही लावून घ्या म्हणतायत," सुलक्षणा म्हणाली आणि तिनं हौसेनं पाय मशीनवर ठेवला.

ज्ञानदेवानं फरक दाखवायचा म्हणून आधी मेडिकलमधली जुनी नळी गालाच्या आत धरली. गाल कपकन आत ओढला गेला. "थांब" म्हणायला गेला तर "फाम्" एवढंच निघालं. सुलक्षणा दाबतच होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. नवऱ्याचं बोलणं बंद करणारं यंत्र तिला पहिल्यांदाच सापडलं होतं. शेवटी तिनं पाय काढला तेव्हा गालात लालभडक चकती उठली होती.

मग नवी नळी. अंगठा ठेवला, ओढ लागली. अंगठा उचलला, नळी सुटली. पुन्हा ठेवला, पुन्हा सुटली.

तात्याबांचे खांदे हलत होते. आवाजाशिवाय माणूस हसतो कसा, ते घरात प्रथमच दिसलं. हसता हसता त्यांना उबळ आली, छातीत गोळा घरघरला आणि डोळे पांढरे झाले.

ज्ञानदेवानं घाईनं दुसरं पाकीट फोडून नळी जोडली आणि पुढे झाला. तात्याबांनी त्याचा हात बाजूला सारला. नळी स्वतः धरली. भोक चाचपलं, त्यावरून अंगठा काढून घेतला आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तेवढंच टोक हळूच आत सरकवलं. मग मुलाकडे पाहून मशीनकडे मान केली.

ज्ञानदेव मशीन पायानं दाबायला बसला. हे भोक मशीन चालवणाऱ्याच्या सोयीसाठी, असंच तो रात्रभर धरून चालला होता. ज्याचा गळा त्याचाच अंगठा, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

तात्याबांनी अंगठा टेकवला, नळी फिरवत बाहेर ओढायला घेतली. टोचलं असावं, अंगठा उचलला. थांबले. पुन्हा टेकवला. बरणीत गोळा पडला, दाट, चिंचोक्याएवढा. श्वास एकदम मोकळा वाजला, मग वाजायचाच थांबला आणि नुसता चालू राहिला.

ज्ञानदेवानं बरणी दाराच्या उजेडात धरली. पिवळट होतं, पांढरट होतं. त्यानं बरणी फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. लाल कुठंच नव्हतं. तरी तो बरणी खाली ठेवीना.

"बास की आता," सुलक्षणा म्हणाली, "धुऊन आणा ती. आबांना अजून एकदा काढायचंय."