मुहूर्तामुहूर्ताने घेतलेला कॉम्प्युटर

वेगासाठी इतका झुरणारा आणि स्वतः इतका संथ असणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल. हे आमचे अकोल्याचे भाऊजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. दोन्ही मुलींच्या लहानपणी त्यांनी हौसेने केलेलं व्हिडिओ शूटिंग कपाटभर साठलं होतं. वाढदिवस, शाळेची गॅदरिंगं, मोझरीची सहल. त्याचा एक नीटस सिनेमा करायचा, हा त्यांचा संकल्प. पण जुना कॉम्प्युटर एक प्रसंग कापायला घेतला की चहा होऊन कप विसळेपर्यंत अडून बसे. उन्हाळ्यात तर तापून बंदच पडे. मग भाऊजी त्याचं झाकण काढून त्याला कूलरसमोर ठेवत आणि ताई बिचारी पदराने वारा घेत बसे. "आपून घाम पुसू शकतो, त्याचा कोन पुसून देईन?" असं वर आम्हालाच विचारत.

मी अमरावतीहून गेलो की जेवणाआधी मला प्रोसेसर वाढला जाई. कोअर किती, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं, याच्या वह्या भरल्या होत्या. खरेदी मात्र मुहूर्तावरच, आणि एका मुहूर्ताला एकच वस्तू! पाडव्याला प्रोसेसर, दसऱ्याला रॅम, अक्षय्य तृतीयेला ग्राफिक्स कार्ड. सगळी खोकी हळदकुंकू लावून, न उघडता, देवघराच्या फळीवर.

याच काळात ताईला काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ताई एवढंच म्हणाली, "अहो, सिनेमा जसा हाय तसा दाखवा ना. मले पोरी लहान पाहाच्या हायेत." मीही भांडलो. भाऊजी म्हणाले, "तिच्यासाठीच करून राहिलो, अन् तेच अर्धवट करू? घाई काय हाय?"

पुढच्या दसऱ्याला ते सगळी खोकी घेऊन मदरबोर्ड आणायला गेले, तर दुकानदार खोकी उघडून म्हणाला, "काका, याचे बोर्ड येनं बंद झाले. नव्या बोर्डात ना हा प्रोसेसर बसत, ना ही रॅम." भाऊजींनी पुन्हा वह्या उघडल्या. आणखी तीन मुहूर्त गेले. मला तेव्हा त्यांचा फार संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

गेल्या महिन्यात गेलो, तेव्हा मशीन लागलं होतं. अख्खा सिनेमा सहा मिनिटांत तयार झाला म्हणे, पण हे सांगताना भाऊजींनी मान वर केली नाही. ताई पडद्यासमोर बसली होती. तिला आता फक्त उजेड कळतो. भाऊजी शेजारी बसून सांगत होते, "धाकटी धावून राहिली. एका पायात चप्पल नाही."

"फ्रॉक कोनता हाय?"

भाऊजींनी चित्र थांबवलं, चष्मा पुसला, पडद्याला नाक लावून पाहिलं. "पिवळा. वरचं बटन तुटलं हाये."

ताई हसली. तासाभराचा तो सिनेमा, आठ दिवस झाले तरी निम्मा पाहून झाला नव्हता. भाऊजींनी पुढे चालवायला हात नेला, तर ती त्यांचा हात चाचपडत धरून म्हणाली, "राहू द्या थोडा वेळ. घाई काय हाय आता?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भाऊजींना सोसला असता.