एकगठ्ठा मतं

माझ्या मोठ्या बहिणीने नगरपालिकेची निवडणूक लढवायचं ठरवलं, तेव्हा इकडे कतारला, दोहात बसून मला आधी आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. ताईची तिथे पिठाची गिरणी आहे. अख्खा प्रभाग तिच्याकडे दळण टाकतो, त्यामुळे कुणाच्या नळाला पाणी आलं नाही, कुणाच्या दारात गटार तुंबलं, हे नगरसेवकाच्या आधी तिला कळतं. नगरपालिकेत जाऊन भांडायचीही तीच. शेवटी दळणाला येणाऱ्या बायकाच म्हणाल्या, बाई, आता तूच उभी राहा. तिने अपक्ष अर्ज भरला, चिन्ह मिळालं कपबशी.

भीतीचं कारण म्हणजे आम्ही ख्रिस्ती. त्यातही जुन्या दगडी चर्चमधले नाही. आम्ही पत्र्याच्या शेडमधल्या प्रार्थनाघरातले, टाळ्या वाजवून गाणारे, पास्टरचा शब्द मानणारे. दगडी चर्चवाले लोकांना चालतात, नाताळला केक देतात. आमच्याकडे बघितलं की मात्र धर्मांतर आठवतं. शाळेपासून हेच ऐकत आले आहे, त्यामुळे सवय व्हायला हवी होती. झालेली नाही.

दोहात आमच्या तालुक्यातली चार कुटुंबं आहेत. दर शुक्रवारी आम्ही अल नस्र भागात एका वहिनींच्या फ्लॅटवर जमतो. इथे सुट्टी शुक्रवारची, चर्चही त्याच दिवशी भरतं, म्हणून मी उपासना उरकून थेट तिकडे जाते. मला उशीर होतो, जेवायला कुणी थांबत नाही, पण माझं ताट झाकून ठेवलेलं असतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण ही माणसं वाईट नाहीत. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

निवडणूक जाहीर झाली आणि त्या फ्लॅटचं मतदान केंद्र झालं. इथून आम्हाला मत देता येत नाही, पण घरच्यांची मतं आपण इथून ठरवतो असं प्रत्येकाला वाटतं. जेवण झालं की सगळे फोन काढून गावी वडिलांना, भावाला, आईला सांगणार, बटण कुठलं दाबायचं ते. मला वाटलं, निदान एवढे फोन तरी कपबशीचे.

मग गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. ताईच्या गिरणीत वजनकाट्यामागे बायबलच्या वचनांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याला लाल गोल केलेला. खाली लिहिलं होतं, "दळणाबरोबर काय काय देतात बघा. जागे व्हा." त्या भिंतीवर दर वर्षी तसलंच कॅलेंडर लागतं. त्याच्याखाली उभं राहून गावाने वर्षानुवर्षं पीठ नेलं आणि भाकऱ्या खाल्ल्या. कुणाला कधी बाधा झाल्याचं ऐकलं नाही.

त्या शुक्रवारी वहिनींच्या यजमानांनी विषय काढला. त्यांना मी दादा म्हणते, ते शाळेत ताईच्या वर्गात होते.

"तुझ्या ताईबद्दल काहीच नाही गं," दादा म्हणाले. "बाई सोन्यासारखी आहे. पण उद्या ती निवडून आली की पास्टर सांगणार आणि ती सही करणार. तुमची मतं तरी कशी पडतात? एकगठ्ठा."

"आणि तुम्ही आत्ता फोनवर काय करत होतात?"

"ते वेगळं."

"यल्ला, चला, खलास करा राजकारण," वहिनी मध्ये पडल्या. "ताक कुणाला हवंय?"

मी ताक घेतलं. असं काही झालं की माझ्या वाट्याला दरवेळी ताकच येतं.

त्याच आठवड्यात ताईकडून कळलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. प्रार्थनाघरात प्रचार करायला ताईने नकार दिला होता. देवाच्या घरात मी कपबशी नेणार नाही, म्हणाली. आणि पास्टरांनी तिथेच, भर उपासनेत, तिच्या विरोधातल्या जुन्या नगरसेवकासाठी प्रार्थना केली. प्रार्थनाघराला कुणी हात लावणार नाही, असा त्याने त्यांना शब्द दिला होता. म्हणजे गावाच्या लेखी ताई पास्टरची, आणि पास्टर तिच्या बाजूचेच नाहीत!

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून मी आईला फोन लावला.

"आई, तू तरी ताईला मत देणार ना?"

"प्रार्थना करून ठरवीन," आई म्हणाली.

"पोटची पोरगी आहे तुझी! त्यात प्रार्थना कसली? कपबशीचं बटण दाबायचं आणि घरी यायचं."

"पास्टरबी असंच सांगत्यात. बटन तेवढं येगळं."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "तू तिकडं बसून सांगती. तुझी ताई नगरपालिकेत जाऊन बसंल. आम्हाला दर रविवारी त्या शेडमधी बसायचंय. मागं शेडवर दगडं आली तवा कोण आलं व्हतं? ह्योच नगरसेवक आला. पोलिसांना फोन त्यानंच केला."

मी चिडले होते, आणि चिडायला समोर होती कोण, तर भ्यालेली आई.

ताई पडली, तीही थोडक्यात. केंद्रवार मतं समजली तेव्हा कळलं, बाजारपेठेत, जिथे तो फोटो सगळ्यात जास्त फिरला, तिथे ती पुढे होती. मागे पडली ती प्रार्थनाघराच्या गल्लीत. फोनवर तिने मला एवढंच सांगितलं आणि म्हणाली, "आईला काही विचारू नकोस हं." तिनेही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गिरणी सुरू केली.

पुढच्या शुक्रवारी मी अल नस्रला गेले तेव्हा माझं ताट नेहमीसारखं झाकलेलं होतं. दादा खरोखरच हळहळले.

"खरं सांगू? मी शेवटी बाबांना सांगितलं, कपबशीच दाबा म्हणून. वर्गातली पोरगी आहे आपली. पण आमच्यातल्या बाकीच्यांनी घात केला." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांनी तरी दिली ना सगळी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या गल्लीचं नाव घ्यावं लागलं असतं, पास्टरांचं, कदाचित आईचंही. ज्यांनी दगड खाल्ले त्यांनीच ताईला पाडलं, हे या जेवणाच्या टेबलावर मला सांगवेना. मला माझ्या माणसांची लाज वाटत होती, आणि त्यांची लाज राखावीशीही वाटत होती.

"म्हणजे काय?" मी म्हटलं. "एकगठ्ठा."

दादांनी समाधानाने मान डोलावली. "मी म्हणत नव्हतो?" ते वहिनींना म्हणाले.