मॅडमच्या फाइलमधले दहा पेपर

आधी मॅडमचं सांगते. आमच्या लॅबच्या मॅडम, कॅन्सरच्या पेशींवर काम करणाऱ्या, बोरीवलीहून रोज मुलुंडला येणाऱ्या. माझी नोकरी आज टिकून आहे ती त्यांच्यामुळे. काय घडलं ते आधी सांगितलं की लोक मला हसतात आणि मॅडमचं राहूनच जातं.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. घाटकोपरला डोंगरावरच्या खोलीत दोघीजणींबरोबर राहते आणि लॅबमध्ये काचेच्या बाटल्या, नळ्या धुते. साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात, म्हणून प्रत्येक बाटली सात वेळा पाण्याखाली धरायची. बोटं कायम सुरकुतलेली. कंत्राट वर्षाचं. दर वर्षी मॅडमची सही लागते, ती झाली तरच पुढचं वर्ष.

त्या वर्षी मॅडमचं प्रमोशन होतं. त्यासाठी आजवर छापून आलेल्या पेपरांतले निवडक दहा फाइलला लावून द्यायचे होते. प्रत्येक पेपरावर पेन्सिलीने एक आकडा असायचा. इतरांनी त्यांच्या पेपरांत आपल्या पेपराचा दाखला किती वेळा दिला, तो आकडा. समिती आधी तिकडेच बघते, असं काका म्हणायचे. काका म्हणजे लॅबमधले जुने अटेंडंट, मालवणकडचे.

फाइल लावायचं काम खरं तर मॅडमच्या विद्यार्थिनीचं. ती भावाच्या लग्नाला गावी गेली होती. त्यात त्याच आठवड्यात पेशी वाढवायच्या कपाटात बुरशी शिरली. कित्येक महिन्यांचं काम जायची वेळ. मॅडम दिवसभर हातमोजे घालून चांगल्या पेशी वाचवत बसलेल्या. मान न वळवता म्हणाल्या, "अगं, माझे सगळे पेपर काढ. माझं नाव मुख्य जागी आहे ते दहा घे आणि लाव. इंग्रजी वाचता येतं ना?"

"तुमचं नाव येतं, मॅडम."

"बस झालं तेवढं."

नाव वाचता येत होतं, तेच नडलं. प्रत्येक पेपरावर नावांची ओळ. कुठे मॅडम पहिल्या, कुठे अगदी शेवटी. आमच्याकडे लग्नपत्रिकेत घरातला मोठा माणूस पहिला, मग मानाप्रमाणे बाकीचे, आणि तळाशी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरं. मी दुसरी कुठली नावांची यादी कधी नीट वाचलीच नव्हती. मॅडम पहिल्या असलेले दहा पेपर निवडले. शेवटी असलेले बघून वाईटच वाटलं, एवढ्या बाईला सगळ्यांच्या मागे टाकलंय म्हणून. त्यातल्या एकावर पेन्सिलीचा आकडा सगळ्यात मोठा होता. तो हातात घेऊन मी जरा थांबले. मग वाटलं, आकडा मोठा असला तरी मान दुसऱ्याचा. ठेवला परत कागदांच्या कपाटात.

"लावली, मॅडम. दोनदा बघितली," मी म्हणाले. आणि खरंच बघितली होती. मॅडमनी न उघडता सही केली.

मुलाखतीहून त्या दुपारी परत आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. काकांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "स्वतःची लॅब काढल्यापासून काय केलंत, असं विचारलं मला. फाइलमध्ये सगळे माझ्या शिकण्याच्या काळातले पेपर. बाकीचे आणून देते म्हटलं, तर नियम नाही. पुढच्या वर्षी या म्हणाले."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटातला गठ्ठा काढून काकांपुढे धरला आणि पत्रिकेचं सांगितलं.

"अगो, ही काय लग्नपत्रिका आसा?" काका हळूच म्हणाले. "पयलो तो राबणारो. शेवटचो तो लॅबचो मालक."

म्हणजे शेवटी नाव असलेले सगळे पेपर याच लॅबचे. मी धुतलेल्या बाटल्यांतले. तेच मी बाजूला काढले होते.

माझा कंत्राटाचा कागद तेव्हा मॅडमच्या टेबलावर होता, सहीवाचून. तरी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मॅडम, मी चुकीचे लावले."

"कळलं मला. तुझं पत्रिकेचंही ऐकलं. सही कोणाची आहे फाइलवर?"

"तुमची."

"मग झालं. तिथे मी तेच सांगितलं, चूक माझी."

"माझं नाव नाही सांगितलंत?"

"आणि काय सांगू? बाटल्या धुणारीकडे दिली होती? मग विचारतील, का दिली. बरोबरच विचारतील." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पत्रिकेत मला कुठे घातलं असतंस गं?"

"पहिल्या ओळीत."

"तेच केलंस की. आण तो कागद. थकलेय मी."

त्यांनी सही केली. पण त्यांच्या मागून लागलेल्या एका सरांना त्या वर्षी बढती मिळाली, आणि मॅडम कँटीनमध्ये जाईनाशा झाल्या. डबा लॅबबाहेरच्या बाकावर, एकट्याच खातात. मी बाटल्या धुताना काचेतून दिसतात.

आता पुन्हा फाइलचे दिवस आलेत. या खेपेला विद्यार्थिनी लावतेय. मी तिच्या मागे उभी राहून नावं शेवटून वाचते. ती वैतागते, तरी मी वाचते. पण हे फेडणं नव्हे, आपलंच निस्तरणं आहे. मॅडमचं वर्ष गेलं आणि माझी नोकरी राहिली, हे काही माझ्या मनातून जात नाही. कसं ते अजून सुचलेलं नाही, पण मॅडम, तुमचं हे मी कधीतरी फेडीन.