चेहरा दिसेल असा फोन

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक दोन प्रकारचं. एक फोन घ्यायला येतं. दुसरं फोन घेऊन झाल्यावर येतं, म्हणजे आपण घेतला त्याहून महागडा फोन कसा फालतू आहे हे माझ्या तोंडून वदवून घ्यायला. मी दोघांनाही सांभाळते. काउंटरमागे उभी राहून राहून पायांची पार वाट लागली आहे, पण जिभेची धार शाबूत आहे आणि मालक पगार देतो तो त्या धारेसाठीच.

रफूवाल्या मावशी या दोन्ही प्रकारांत बसत नव्हत्या. आमच्या समोरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात, जिन्याखालच्या खोबणीत त्यांची खुर्ची. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर, सिगारेटने जळलेली पँट, सगळं त्यांच्याकडे येई आणि जाताना कुठे काय झालं होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडत नसे. ते दुकान मंगळवारी बंद असे, म्हणून मावशी मंगळवारी आमच्याकडे येत.

पहिल्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, चेहरा दिसेल असा फोन दाखव."

"मावशी, चेहरा सगळ्यांतच दिसतो," मी म्हटलं. "बजेट किती आहे ते सांगा."

"बजेट मागनं. आधी चेहरा."

मी मनात म्हटलं, झालं, आजचा दिवस गेला. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, म्हणून आठ हजारांचा एक, अठरांचा एक आणि काचेच्या कपाटातला ऐंशी हजारांचा एक असे तीन फोन त्यांच्यापुढे ओळीने मांडले. मावशींनी आपला जुना फोन पिशवीतून काढला. त्यात त्यांच्या मुलीचा फोटो होता, परदेशी निघाली त्या दिवशीचा. खांद्याला मोठी बॅग, एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला, आणि हसणं असं की फोटो काढणारा नक्कीच काहीतरी बरळला असणार. तो फोटो त्यांनी मला तिन्ही फोनवर घ्यायला लावला. मग एकेक फोन उचलून, तिरका करून, खिडकीकडे धरून, जवळ नेऊन, लांब नेऊन बघितला. कापड बघावं तसा.

"हा आठाचा, हा ऐंशीचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे दहापट. मग ही दहापट नीट दिसते का?"

कंपन्यांच्या प्रशिक्षणाला मी ढीगभर वेळा गेले आहे. तिथे समोसे असतात, भिंतीवर चित्रं असतात आणि गिऱ्हाइकाच्या प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर असतं. या प्रश्नाला नव्हतं. खरं सांगायचं तर महाग फोनमध्ये पडदा उजळ असतो, रंग खरे असतात, फोन अडखळत नाही, वर्षानुवर्षं टिकतो, आणि खिशातून काढला की शेजारचा माणूस बघतो. यातल्या शेवटच्या गोष्टीचे पैसे बरेच असतात. स्वस्त फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचे चार डोळे दिसतात, त्यातले दोन निव्वळ शोभेचे. पण दहापट चेहरा? तो कुठल्याच फोनमध्ये नसतो. मी तसं सांगितलं. मावशींनी मान डोलावली आणि पुढच्या मंगळवारी येते म्हणून गेल्या.

आणि खरंच आल्या. मग येतच राहिल्या. पंधराच्या आतले, तिशीच्या आसपासचे, पन्नासच्या वरचे, एकेक करून सगळे फोन त्यांनी नजरेखालून घातले. प्रत्येकावर आधी मुलीचा फोटो. मला तो पुसायचं लक्षात राहत नसे. परिणाम असा झाला की मांडणीतला कुठलाही फोन उघडला की तीच मुलगी हसत समोर. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही कंपनीची जाहिरात करते का? दुसऱ्याने तर विचारलं, ही फोनबरोबर फुकट का? त्याला मी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालकाच्या कानावर गेलं तेव्हा तो माझ्यावर उखडला. "ती बाई काही घेणार नाही," तो म्हणाला, "नुसती काचेला हात लावून जाते. पुसून पुसून कपडा झिजला आपला." मी म्हटलं, कपडा झिजला तर रफू करून घेऊ, बाई समोरच बसते. त्यावर तो चहा प्यायला निघून गेला.

पण मलाही कोडं पडलं होतंच. एका मंगळवारी पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही, अशा रिकाम्या दुपारी मी त्यांना विचारलं, की मावशी, एवढं काय बघता?

 त्यांनी सांगितलं. मुलगी तिकडे एका वृद्धाश्रमात काम करते. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. गेली ती गेलीच, सुट्टी मिळते तेव्हा तिकिटाचे पैसे नसतात आणि पैसे असतात तेव्हा सुट्टी नसते. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो आणि त्यात ती अशी दिसते की नाक कुठे, डोळे कुठे, काही लागत नाही. साबणाचा हात लागलेल्या काचेतून बघावं तसं.

"ती म्हणते जेवले. जेवलेलं तोंड वेगळं असतं गं. घरात असताना दारातून आत आली की मला कळायचं, आज हिच्या पोटात काही नाही. आता नुसतं तिच्या शब्दावर राहायचं. दुसऱ्याच्या कोटातला एकेक धागा मला दिसतो आणि माझ्या पोरीचं तोंड दिसत नाही."

 मी मांडणीतला पुढचा फोन काढला आणि त्यांनी न सांगताच त्यात तिचा फोटो घेतला.

नंतर एका मंगळवारी मावशी आल्या त्या ठरवूनच. "ऐंशीचा काढ," म्हणाल्या. पोरगी दर महिन्याला पैसे पाठवायची, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. मी खोटं कशाला सांगू, आनंदाने माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या फोनवरचं कमिशन म्हणजे महिन्याचा किराणा. मी खोकं काढलं, मालक खुर्चीतून उठून हसत पुढे आला. पण मावशींनी हात वर केला.

"आधी फोन लावून दाखव. न बघता मी कुणाचं कापडसुद्धा घेत नाही."

दुकानाच्या नेटवर, त्या कोऱ्या फोनवरून लावला. मुलगी नुकतीच कामावरून सुटली होती. पडद्यावर आली, आणि मी बघतच राहिले. ऐंशी हजारांच्या त्या लखलखीत पडद्यावर तेच साबणाचं पाणी. कपाळाच्या जागी एक पांढरट ठिपका, तोंडाच्या जागी एक हलणारी सावली. मी तिला म्हटलं, ताई, खिडकीपाशी जा. गेली. दिवा लाव म्हटलं, लावला. समोरच्या कॅमेऱ्याची काच पूस म्हटलं, पुसली. फरक शून्य. तिचा फोनच जुना, काच घासून घासून आंधळी झालेली.

"ऐंशी हजारांतसुद्धा तशीच?" मावशींनी मला विचारलं, जणू मीच काही लपवलं होतं.

मग मी त्यांना समजावलं. आपल्याला जे दिसतं ते तिच्या कॅमेऱ्यातून येतं. आपला पडदा सोन्याचा केला तरी तिकडून जे निघालंच नाही ते इकडे दिसणार कसं? तो जुना फोटो सगळ्या फोनमध्ये छान दिसत होता, कारण तो चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला. स्पष्ट चेहरा हवा असेल तर फोन तिच्या हातात बदलायला हवा, तुमच्या नाही.

मावशी खुर्चीवर टेकल्या. "म्हणजे इतके दिवस मी भलत्याच टोकाला बघत बसले होते," त्या म्हणाल्या, आणि स्वतःवरच हसल्या.

पलीकडून मुलीने सगळं ऐकलं होतं. "आई, मला नको हं फोन," ती घाईघाईने म्हणाली. "माझा चांगला चालतोय. आणि मी कुठे कुणाला तोंड दाखवायला जाते? उगाच पैसे घालू नकोस. ऐकतेस ना?" एवढं म्हणून काहीतरी काम निघालं सांगत तिने फोन ठेवला. तेव्हा मला वाटलं, काटकसरी आहे बिचारी.

मावशींनी मात्र मनावर घेतलं. समोरचा कॅमेरा कोणाचा चांगला, एवढाच आता प्रश्न होता. मी माझ्या स्वभावाविरुद्ध सांगितलं, की ऐंशीची गरज नाही, हा तिशीतला घ्या, व्हिडिओ कॉलला उत्तम आहे. मालकाने माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर तिथेच वितळली असती. मावशी म्हणाल्या, "नको. ऐंशीचाच दे. तिचेच पैसे, तिलाच जातायत. माझ्या खिशातलं काय जातंय?" मुलीच्या आश्रमातली एक बाई सुट्टीवर आली होती, ती परत जाताना घेऊन गेली. आपल्यासाठी मावशींनी काही घेतलं नाही. जुना फोन फुंकर मारून पिशवीत ठेवला.

पुढचे काही दिवस मी समोर बघून हात करायची, पोहोचला का? त्या मान हलवायच्या, अजून नाही. मग एका दुपारी, मंगळवार नसताना, हातातली सुई तशीच कॉलरला टोचून मावशी रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्या काउंटरपुढच्या स्टुलावर बसल्या.

"दिसली?" मी विचारलं.

"दिसली."

"स्पष्ट?"

"एकदम."  मग त्या आपल्या बोटाने स्वतःच्याच चेहऱ्यावर दाखवायला लागल्या. "इथं आठ्या पडल्यात. इथं डोळ्यांखाली काळं. कानावरचे केस पांढरे झालेत गं. गालाचं हाड वर आलंय. हसली, तर हसताना ते डोळे बारीक होतात ना, ते बारीकच राहतात आता. घरात असती तर रोज थोडं थोडं दिसलं असतं, मला कळलंसुद्धा नसतं. इतक्या वर्षांचं एकदम दिसलं. मी म्हटलं, कोण ही बाई?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"ती नको का म्हणत होती ते आता कळलं," मावशी म्हणाल्या. "तिला मला दिसायचंच नव्हतं. आणि मी बघ, हट्टाने बघितलं."

मला फार वाईट वाटलं. माझी आई दोन गल्ल्या सोडून राहते. तिचे केस कधी पांढरे झाले ते मला सांगता येणार नाही, कारण मला ते पांढरे होताना कधी दिसलेच नाहीत, आणि त्या दिवशीपर्यंत हे सुख आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारचे कॉल चालू राहिले. मावशी सांगायच्या, आता जेवलेलं तोंड कळतं. न जेवलेलंही कळतं. मग त्या तिला फोनवरच दटावायच्या, आधी खाऊन घे, मग बोल, आणि ती समोर बसून खाई. ते बघायला बरं वाटतं म्हणायच्या. हळूहळू त्या आठ्यांचीही त्यांना सवय झाली असावी.

पुढे बाजारात नवं मॉडेल आलं आणि तो तिशीतला फोन एकदम विशीत उतरला. माझ्या डोक्यात पहिल्या आल्या त्या मावशी. त्यांच्या फोनची बॅटरी फुगून पाठ वर आली होती, रबर लावून वापरत होत्या, आणि त्याचा कॅमेराही पार धुरकट झाला होता. त्यांचं स्वतःचंही काही बरं चाललं नव्हतं. मध्ये आजारी पडल्या, दात काढावे लागले, गाल आत गेले, खुर्चीत बसल्या की खोबणीत हरवून जायच्या. मीच जाऊन त्यांना हाताला धरून दुकानात आणलं.

"मावशी, मी तेव्हा सुचवला होता ना, हाच तो. दहा हजारांनी उतरलाय. आठाच्या फोनात जे मिळत नाही ते सगळं यात आहे, आणि ऐंशीच्या फोनातलं तुमच्या कामाचं तेवढंही आहे. याहून चांगला सौदा मी माझ्या सख्ख्या बहिणीला दिला नसता."

त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. समोरचा कॅमेरा मी चालू करून दिला. पडद्यावर त्यांचा स्वतःचा चेहरा आला. त्या बघत राहिल्या.

"हा घेतला तर मी तिला अशी दिसेन?"

"अशीच!" मी आपल्या विक्रीच्या तोऱ्यात होते. "एकेक केस मोजता येईल तिला."

मावशींनी फोन काचेवर ठेवला. "मग नको."

"अहो, किंमत तरी बघा..."

"किमतीचं नाही गं. दिवसभर म्हातारी तोंडंच पुसते ती. काम सुटल्यावर आणखी एक बघायचं? आत्ता तिला वाटतं, आई होती तशीच आहे. त्या भरवशावर तिथं उभी आहे ती."

"पण मावशी, कधीतरी ती येईलच ना? तेव्हा दिसेलच."

"येऊ दे की," त्या म्हणाल्या. "येईल तेव्हा दारातच बघेल. तेव्हा मी जवळ असेन ना, तिची समजूत काढायला."